दाभ्याच्या रस्त्यावर ती होती

स्कूटर मी भाच्याला देऊन टाकली ती पेट्रोल महागलं म्हणून नाही, आणि सायकल घेतली ती तब्येतीसाठी नाही. दुकानात मात्र मी तब्येतीचंच कारण सांगितलं. खरं कारण सांगायला लागलं की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो, आणि मला कोणी खुर्ची ओढून बसलेलं नको होतं.

लग्न झाल्यापासून आमच्याकडे कुठली ना कुठली स्कूटर होती आणि तिच्या मागच्या सीटवर बायको होती. आम्ही नागपुरात वाडीला राहतो. मी रामदासपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात फ्रेमच्या मापाने काचा कापून बसवतो, ती रविनगरजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात होती. सकाळी अमरावती रोडने निघायचं, गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांमधून वाट काढायची, तिला रविनगरला उतरवायचं आणि पुढे जायचं. हा सगळा वेळ ती बोलत असायची. हेल्मेटमधून मला निम्मंच ऐकू येई आणि मी सगळ्यालाच हो म्हणे.

"अवो, ऐकून राहिले का?" ती पाठीत बोट खुपसून विचारी.

"ऐकून राहिलो नं," मी म्हणे, आणि ती पुढचं बोलायला लागे.

मे महिन्यात ती गेली. काविळीचं निमित्त झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा ती चालत जिना चढली होती, आणि घरी आणलं ते रुग्णवाहिकेतून. याहून जास्त मी त्याबद्दल लिहू शकत नाही.

तेरवी आटोपल्यावर मी कामावर गेलो तो स्कूटरनेच. वळणावर गाडी कलवताना हात अजून तिच्या वजनाचा अंदाज धरून चालत होते. स्पीडब्रेकर आला की तोंडातून "धर" निघत होतं. एका सकाळी रविनगरला सवयीने गाडी कडेला घेतली, दोन्ही पाय टेकवले आणि ती उतरायची वाट पाहत राहिलो. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, मग त्यानं शिवी दिली. शिवी दिली ते बरं केलं. नाहीतर मी तिथं किती वेळ थांबलो असतो कोण जाणे. त्याच आठवड्यात गाडी भाच्याकडे गेली. सायकलला मागची सीट नसते, कॅरिअर असतं, आणि त्यावर डबा बसतो.

रस्ता बदलला तो माणसांपायी. अमरावती रोडवरची सगळी आम्हा दोघांना ओळखणारी. पेपरवाला, पंक्चरवाला, रविनगरचा चहावाला, शाळेची चौकीदारीण. चांगली माणसं आहेत, म्हणूनच त्यांचा जास्त त्रास. मी दिसलो की बोलता बोलता गप्प व्हायची. चहावाला माझ्या चहात साखर वाढवून टाकू लागला. दुःखी माणसाला साखर लागते असं त्याला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. चौकीदारीण तर मला पाहून पदर डोळ्यांना लावायची, आणि मग मलाच सायकल थांबवून तिची समजूत घालावी लागायची. रोज सकाळी कामावर जाताना एवढी माणसं सावरायची माझ्यात ताकद नव्हती.

म्हणून नवरात्राच्या सुमारास मी एके दिवशी अमरावती रोडला लागायच्या आधीच दाभ्याकडे वळलो. दाभा, मग हजारीपहाडचा चढ, फुटाळा तलावाचं पाणी, आणि तिथून सिव्हिल लाइन्समधून महाराजबागेच्या अंगाने रामदासपेठ. लांबचा रस्ता. चढावर मला उतरून सायकल ढकलावी लागे आणि शाळेची पोरं शेजारून सुळकन निघून जात. पण या रस्त्यावर मला कोणी ओळखत नव्हतं. तिथं मी एक सायकलवाला होतो, पिकल्या मिशांचा, धापा टाकणारा. बस.

दाभ्याच्या पुढे, जिथं प्लॉट पडता पडता थोडी शेतं उरली आहेत, तिथं एक बाई पोतं अंथरून भाजी घेऊन बसायची. वय माझ्याएवढंच असेल. स्वतःच्या वाफ्यातली मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, कधी मुळे. मी पहिल्यांदा थांबलो तो भाजीसाठी नाही, चढ यायच्या आधी दम घ्यायला. पण बाईच्या पुढ्यात उभं राहून नुसता दम घेणं बरं दिसत नाही, म्हणून मेथीची जुडी उचलली.

"घ्या नं भाऊ, आताच उपडली हाय," ती म्हणाली. "घरी वहिनी निवडते का तुमच्याच गळ्यात हाय ते काम?"

"तीच निवडते," मी म्हटलं.

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. दारावर कोणी हाक मारली की आपण आतून "आलो" म्हणतो, तसं ते निघून गेलं. सायकलवर बसल्यावर ध्यानात आलं. मागं फिरून सांगावं असंही वाटलं, पण फिरलो नाही. त्या दिवशी हजारीपहाडचा चढ मी न उतरता चढलो.

दुसऱ्या दिवशी तिनं लांबूनच विचारलं, "काय म्हने वहिनी? कशी होती मेथी?"

"माती लय होती म्हणे."

आता हे काही मी रचलेलं नव्हतं. माझी बायको पारशिवनीकडची, शेतकऱ्याची लेक. नागपुरातली कोणतीही भाजी तिच्या पसंतीला कधी उतरली नाही. कोणतीही जुडी हातात घेतली की तिचं पहिलं वाक्य हेच असायचं.

"त्याईले म्हना, माती हाय म्हनून तं भाजी हाय," बाई फणकारली. "धुवाले पानी नाही का घरी?"

मी हसलो. मोठ्यानं हसलो. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच, आणि हसू संपल्यावर घसा दुखला.

तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी त्या दोघींचं माझ्यामार्फत भांडण चाले. बायको म्हणायची मेथीत लसूण आधी टाकायचा, बाई म्हणायची नंतर. हिवाळा लागला, तुरीचे ओले दाणे आले, त्यांना आम्ही सोले म्हणतो. सोलेवांग्याला कोणतं वांगं, यावर आठवडाभर वाद चालला. बायकोचं म्हणणं, काटेरी हिरवंच पाहिजे, बाकी सगळं पाणचट. बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पारशिवनीच्या बाया लय शान्या दिसतात." दुसऱ्या दिवशी मात्र तिनं कुठून तरी काटेरी हिरवी वांगी आणून ठेवली होती. "घ्या. करून पाहा म्हना. अन कशी झाली ते खरं सांगाले सांगजा, उगाच नाक वर नोको करू म्हना."

बायको तिच्या तोंडावर काय म्हणाली असती, ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. तेच मी दुसऱ्या दिवशी सांगायचो. जन्मभर मागच्या सीटवरून ती जे बोलली आणि मी निम्मंच ऐकलं, ते आता सायकल चालवता चालवता आठवून आठवून पूर्ण करायचो. वाडीहून निघालो की मनात उत्तराची जुळवाजुळव चाले. घरात ती कुठंच नव्हती. फोटो होता, त्याला हार होता. दाभ्याच्या रस्त्यावर मात्र ती होती, आणि नेहमीसारखीच कोणाला तरी नावं ठेवत होती.

दिवसभर भाजीची पिशवी दुकानात माझ्या टेबलाखाली पडून असायची. "काका, दुकान बदलून राहिले का?" असं पोरं चिडवायची. संध्याकाळी बायको जिथं पेपर पसरून बसायची तिथंच मी पेपर पसरून मेथी निवडायचो. मला धड येत नाही. देठं राहतात. मुलगी पुण्याला सासरी असते, ती फोनवर विचारायची, बाबा, आज काय जेवले? मी म्हणायचो, मेथी. कालही मेथीच होती नं, ती म्हणायची. मी विषय बदलायचो.

एकच गोष्ट मी पदरची घातली. बाई सारखी म्हणायला लागली, वहिनीले एक दिवस घेऊन या, पाहू तं द्या कशी दिसते. तेव्हा मी सांगितलं की तिचे गुडघे दुखतात, इथवर येववत नाही. झालं. दुसऱ्या दिवशी तिळाच्या तेलात काहीबाही उकळून बाटली तयार. "रातच्याले चोळाचं अन फडकं बांधाचं. तुम्हीच चोळून देजा, लाजू नोका." ती बाटली मी घरी नेली. फेकवली नाही. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.

कोणी म्हणेल, हे बरं नाही. मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी कोणाचं काही हिरावून घेतलं नव्हतं. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की नागपुरात एका तरी माणसानं मला तिच्याबद्दल "काय म्हणते?" असं विचारावं. बाकी सगळे "कशी गेली?" असं विचारत होते.

मग संक्रांत आली.

फुटाळ्यावर धुकं धरायला लागलं होतं आणि मी मफलर गुंडाळून जात होतो. बाई त्या दिवशी फार आनंदात होती. यंदा हरभरा चांगला आला होता. "भाऊ, यंदा मी वाण लुटून राहिली," ती म्हणाली. "आमच्या गल्लीतल्या समद्या बाया येतात. वहिनीचे गुडघे काही ऐकत नाही, मंग त्याईचं वाण तुमच्याच हाती पाठवतो. बांगडीचा नंबर सांगा."

नवऱ्यांना बायकोच्या बांगडीचा नंबर सहसा माहीत नसतो. मलाही नव्हता. मे महिन्यात कळला. सवाष्ण गेली म्हणून घरातल्या बायकांना तिच्या हातात हिरवा चुडा भरायचा होता. तिच्या वहिनीनं कपाटातली जुनी बांगडी पाहून सांगितलं, दोन-चार. आणायला मीच निघालो, घरात बसवत नव्हतं. बांगड्या आणल्या तर हातात जाईनात. हात सुजले होते. मी पुन्हा गेलो आणि दोन-आठच्या मागितल्या. बांगडीवाल्यानं विचारलं, "लग्न आहे का घरी?" मी हो म्हटलं.

म्हणजे मला दोन नंबर माहीत होते. बाई पोत्यावर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मागून एक पाण्याचा टँकर हॉर्न देत होता.

"दोन-चार," मी म्हटलं.

"बारीक हाय म्हना वहिनी," ती खूश होऊन म्हणाली. "अन जीभ एवढी मोठी."

दुसऱ्या दिवशी मी अमरावती रोडने जाऊ शकलो असतो. तो पर्याय होता, आणि वाडीच्या नाक्यावर मी सायकल धरून तो विचार करत उभाही राहिलो. पण ती वाण घेऊन वाट पाहत बसली असती. आणि बायकोचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, की त्या बाईले काहून ताटकळत ठेवून राहिले. मी दाभ्याकडे वळलो.

तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मला पाहिल्याबरोबर उठली, डोक्यावर पदर घेतला आणि नवी स्टीलची वाटी दोन्ही हातांनी पुढं केली. तिळाचे लाडू, बोरं, हरभऱ्याचे घाटे, हळदीची पुडी, कुंकवाची पुडी आणि कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. मी दोन्ही हातांनी घेतली. तोवरही मी काही बोललो नसतो. तेलाच्या बाटलीसारखी ती वाटीही मी घरी नेली असती.

"अन माह्या नावानं तुम्हीच कुंकू लावजा त्याईले," ती म्हणाली. "घरी गेल्या गेल्या. इसरू नोका."

सवाष्णीला शेवटचं कुंकू नवऱ्यानं लावायचं असतं. मी लावलं होतं. थोडं तिच्या नाकावर सांडलं. कोणीतरी पुसायला पुढं आलं तेव्हा मीच म्हटलं, राहू द्या.

"ताई, ती नाही," मी म्हटलं.

"माहेरी गेली का? मंग आली का लावजा."

"वारली. मे महिन्यात."

तिला आधी समजलंच नाही. तिनं बोटांवर महिने मोजल्यासारखे केले आणि मध्येच थांबली.

"तुम्ही तं दसऱ्यापासून येऊन राहिले इथं," ती म्हणाली.

"हाव."

"मंग माती लय हाय, हे कोन म्हने?"

"तीच म्हणायची. आधी."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिचा चेहरा लाल झाला. "माह्या हातून मेल्या बाईच्या नावानं बांगड्या भरून घेतल्या तुम्ही," ती हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "आमच्या घरी सून पोटुशी हाय, भाऊ. समद्यात पहिली वाटी मी वहिनीची भरली. देवापुढं ठेवून भरली. तुमच्या जिभेले काही हाड?"

मी वाटी तिच्यापुढं धरली. दुसरं काय करावं ते सुचेना. तिनं दोन्ही हात झटकन मागं घेतले.

"दिलेलं वाण कोनी वापस घेते का?" ती म्हणाली.

ते मलाही माहीत होतं. वाण एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की ते त्याचं झालं. ती घेऊ शकत नव्हती आणि मी खाली ठेवू शकत नव्हतो. एक माणूस पालक मागायला आला, आमच्याकडे पाहून काही न बोलता पुढं गेला.

मग ती पोत्यावर बसली. "कशी गेली?" तिनं विचारलं.

हाच प्रश्न चुकवायला मी हा रस्ता धरला होता. पण तिला मी सगळं सांगितलं. जिना चालत चढली होती इथपासून. अमरावती रोडवर कोणाला सांगितलं नाही, मुलीलाही पुरतं सांगितलं नाही, ते रस्त्याच्या कडेला सायकलला टेकून सांगितलं.

"अन गुडघे?" शेवटी ती म्हणाली.

"गुडघे चांगले होते तिचे. पळत जिना उतरायची."

एवढा वेळ ती रडली नव्हती. हे ऐकून रडली. पदर तोंडात धरून, खांदे हलवत. "मी रोज रातच्याले तिच्या गुडघ्याचं देवाले सांगत होती," ती म्हणाली. "रोज सकाळी तिच्याशी भांडत होती. मले वाटे, एक दिवस येईन ही बाई, अन माह्या मेथीत माती दाखवीन."

माझी बायको हिच्यापुढं उभी आहे, कमरेवर हात ठेवून, आणि जुडी झटकून दाखवते आहे, हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की सायकलचं हँडल घट्ट धरावं लागलं.

बाईनं डोळे पुसले. वाटीकडे बोट केलं. "तिच्या फोटोपाशी ठेवा. सवाष्ण गेली ते, तिचा हक हाय. बांगड्या होतीन नं बरोबर?"

"बरोबर होतील," मी म्हटलं.

मग तिनं ओलं फडकं भाजीवर टाकलं, पोत्याची टोकं गोळा केली आणि गाठ मारायला लागली. आत्ताच मांडलेली सगळी भाजी तशीच होती.

"कुठं चालल्या?"

"आंघोळ कराले," ती म्हणाली. "आपलं मानूस गेल्याचं ऐकलं का डोक्यावरून पानी घ्या लागते."

एवढ्या थंडीत ती गाठोडं डोक्यावर घेऊन शेताच्या बांधावरून घराकडे गेली. ठेवणीतल्या लुगड्याचा काठ दंवानं ओला होत होता, तो तिनं उचललाही नाही.

मी वाटी धरून उभा राहिलो. मे महिन्यात डॉक्टरांनी मला वॉर्डाबाहेर बोलावलं होतं, आणि सांगताना ते माझ्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत होते. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. वाणाच्या त्या सकाळपर्यंत नागपुरात एका बाईच्या लेखी माझी बायको जिवंत होती. ती गेली, हे त्या बाईला मी सांगितलं, आणि सांगताना मीही तिच्याकडे पाहू शकलो नाही.